एका ‘खट्’ची कैफियत

(बी. ए. भाग २)

गेल्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीचा तास चालू होता. सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, ‘ॲट लास्ट इट क्लिक्ड’, आणि विचारले, “याचा मराठीत अर्थ कोण सांगेल?” एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मी त्या दिवशी कशी कोण जाणे उभी राहिले आणि म्हणाले, “सर, शेवटी डोक्यात खट् झालं.” वर्ग क्षणभर गप्प राहिला आणि मग जो हसू लागला तो तास संपेपर्यंत हसतच होता. सरही हसले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने शुद्ध उत्तर दिले, “अखेर उलगडा झाला.” ते सर्वांनी वहीत उतरवून घेतले. माझे उत्तर मात्र माझ्या आधी वसतिगृहात पोहोचले. पुढे दोन-तीन महिने मैत्रिणी मला ‘खट्’ म्हणूनच हाक मारीत असत.

वाचकहो, ही तक्रार नव्हे. हसण्यासारखे होते म्हणून सारे हसले. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्या दृष्टीने वर्गात झालेली चूक ही नुसती चूक असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून अमरावतीला येताना माय म्हणाली होती, “तेथी सारे शिकलेले राह्यतीन, जपून बोलजो वं पोरी.” म्हणून त्या दिवशीची चूक मला नुसती चूक वाटली नाही. आपण इथल्या नव्हेत याचा तो जणू पुरावाच वाटला. उरलेले वर्षभर मी एकाही तासाला उभी राहिले नाही.

परंतु मनात एक प्रश्न राहून गेला. मी खरोखरच चुकले होते काय? या लेखात मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न करीत आहे. हे उत्तर माझ्यापुरतेच असते तर या अंकाची चार पाने अडवण्याचे धाडस मी केले नसते.

प्रथम त्या इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘क्लिक’ हा मुळात शब्द तरी कसला, निव्वळ आवाज! कडी बसली, कुलूप लागले, सैनिकाने टाचा जुळवल्या, बंदुकीचा चाप ओढला की जो बारीक, कोरडा आवाज होतो त्याची ही नक्कल. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो इंग्रजीत सापडतो असे म्हणतात. पण या एवढ्याशा आवाजाने पुढे किती घरे केली पाहा. जोड्यांच्या कारखान्यात कातड्याचे वरचे भाग कापणाऱ्या कारागिराला इंग्लंडमध्ये ‘क्लिकर’ हे नाव मिळाले. दोन माणसांचे पहिल्या भेटीतच जमले की ती ‘क्लिक’ झाली. एखादे नाटक लोकांना आवडले, तेही ‘क्लिक’ झाले. बराच वेळ न सुचलेली गोष्ट एकाएकी उमगली, तर डोक्यात ‘क्लिक’ झाले. अमेरिकन सैनिकांच्या बोलीत तर ‘क्लिक’ म्हणजे चक्क एक किलोमीटर! डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली सान फ्रान्सिस्कोत संगणकाचा ‘माऊस’ लोकांसमोर चालवून दाखवला आणि त्या यंत्राच्या पाठोपाठ हा शब्द जगातल्या अनेक भाषांत शिरला.

तो आपल्याकडेही आला आणि आपण त्याला मानाचे पान दिले. ‘फोटो क्लिक कर’, ‘लिंकवर क्लिक कर’, ‘गॅदरिंगचे नाटक क्लिक झाले’, ‘त्या दोघांचे काही क्लिक झाले नाही’ अशी वाक्ये आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. ती ऐकून कोणी हसत नाही. म्हणजे इंग्रजी आवाज अर्थाच्या गादीवर बसला तर ती भाषेची श्रीमंती, आणि मराठी आवाज त्याच गादीवर बसू पाहील तर तो विनोद! हा न्याय मला खटकला.

‘खटकला’ हा शब्द लिहिताच लेखणी थांबली. कारण माझी सारी कैफियत याच शब्दात दडलेली आहे. मराठी विभागातील मॅडमनी सुचवल्यावरून मी ग्रंथालयात जाऊन दाते आणि कर्वे यांनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला. १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेले त्याचे सात जाडजूड खंड आमच्यापैकी कितीजणांनी उघडले असतील कोण जाणे. या कोशात आवाजावरून झालेल्या शब्दांपुढे ‘ध्व.’ अशी खूण असते, ध्व. म्हणजे ध्वनी. त्याच्याही आधी मोल्सवर्थ साहेबांनी आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांची ‘अनुकरणवाचक’ म्हणून नोंद केली आहे. एका परक्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांच्या तोंडचे कडकड, खडखड, धडधड कान देऊन ऐकले आणि लिहून ठेवले. मला हे वाचून आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

तर ‘खट्’चे हे गोत पाहा. लाकडावर लाकूड किंवा लोखंडावर लोखंड आपटले की होते ते खट्. तो आवाज करणारी वस्तू म्हणजे खटका. बंदुकीला खटका असतो, पेटीला असतो, दिव्यालाही असतो. दोन माणसे एकमेकांवर आपटली की खटके उडतात. एखादी गोष्ट मनाला नीट बसली नाही की ती खटकते. एखाद्या कामासाठी दहा दारे ठोठवावी लागली की ती खटपट, आणि सदा अशी दारे ठोठावीत हिंडणारा तो खटपट्या. पटापट उत्तरे देणारा ती खटाखट देतो. नाटकातले संवाद चुरचुरीत असले की ते खटकेबाज. आणि नवल म्हणजे आपल्या शास्त्रीय संगीतात मुरकीच्या शेजारी ‘खटका’ नावाचा एक अलंकारच आहे. गायक दोन-तीन स्वर असे झटक्यात घेतो की ऐकणारा सावध होऊन बसतो. एका आवाजापासून वस्तू, भांडण, शंका, कष्ट, वेग, संवाद आणि संगीत एवढ्या सात गोष्टी झाल्या. इंग्रजांच्या ‘क्लिक’पुढे आमचा ‘खट्’ कोणत्या बाबतीत उणा आहे?

(येथे एक सावधगिरी मलाच घ्यावी लागली. खटला, खट्याळ, खाट हे शब्दही या गोतावळ्यात ओढण्याचा मोह होतो. पण ‘खाट’ ही संस्कृत ‘खट्वा’पासून आली आहे, तिचा आवाजाशी संबंध नाही. सारखे वाजते म्हणून सारखे कूळ, असे समजण्यात अर्थ नाही.)

तथापि प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की या सबंध गोतावळ्यात ‘उमगणे’ हा अर्थ मला कोठेही सापडला नाही. कोशाच्या बाजूने पाहिले तर वर्ग बरोबर होता आणि मी चूक. तेव्हा मी दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले. आवाज जवळजवळ एकच. दाराच्या कडीचाच घ्या ना. इंग्रजी माणसाने कडी जागच्या जागी बसताना ऐकली; म्हणून त्याच्या ‘क्लिक’मध्ये जमणे, जुळणे, उमगणे आले. आमच्या माणसाने बहुधा कडी अडताना ऐकली. म्हणून आमच्या ‘खट्’मध्ये खटकणे, खटके आणि खटपट आली. आता याचे कारण काय, ते मला सांगता येणार नाही. पण आमच्या बाबांना तहसिलीत, बँकेत आणि बाजार समितीत ताटकळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आमच्या भाषेत खटपट हा शब्द एवढा का रुळला याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

मग माझ्या तोंडून ‘खट्’ का निघाले? हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. (आमच्याकडे ‘कयलं’ म्हणतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो.) आमची साडेतीन एकर जमीन. खरिपात कापूस किंवा सोयाबीन आणि विहिरीला पाणी असेल तर मागून हरभरा. हरभऱ्याला पाणी द्यायचे ते हिवाळ्यात, आणि शेतीची वीज यायची ती पुष्कळदा रात्री. कधी बाराला, कधी दोनला, कधी येतच नसे. मी सातवी-आठवीत असताना बाबांबरोबर शेतातल्या झोपडीत झोपायला जाई. विहिरीवरच्या मोटारीला स्वतः होऊन चालू होणारा स्टार्टर बसवलेला होता. आम्ही घोंगडीत अंग चोरून पडून राहत असू. बाबा झोपलेले दिसत, पण त्यांचे कान जागे असत. आणि मग अंधारात आवाज होई, खट्! बाबा ताडकन उठून बसत. “आला वं करंट. ऊठ.” लगेच मोटार गुंगू लागे, पाइपात पाणी चढल्याचा आवाज येई आणि आम्ही फावडे व कंदील घेऊन दांडाकडे धावत असू.

वाचकहो, तासन् तास ज्याची वाट पाहिली ते एकदाचे आले, अडलेले वाहू लागले, याची खूण म्हणजे आमच्या घरी ‘खट्’ होते. सरांनी फळ्यावर लिहिलेल्या वाक्याचा आरंभच ‘ॲट लास्ट’ असा होता. ‘शेवटी’, ‘एकदाचे’. ते वाचताच माझ्या कानात जे वाजले तेच मी बोलले. ‘अखेर उलगडा झाला’ हे उत्तर निर्दोष आहे, यात वाद नाही. पण उलगडा हळूहळूही होतो. त्यात तो एक क्षण नाही, वाट पाहणे नाही आणि नंतर वाहू लागणारे पाणीही नाही. ‘क्लिक’मध्ये तो क्षण आहे. तोच ‘खट्’मध्येही आहे.

आणि म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की आवाजाला अर्थ देण्याचा अधिकार कोशाचा नसतो, जगणाऱ्या माणसाचा असतो. कोश नंतर येतो आणि झालेले लिहून घेतो. ‘क्लिक’ला उमगण्याचा अर्थ काही सृष्टीच्या आरंभी मिळालेला नव्हता, विसाव्या शतकात कधीतरी, कोणा इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने तो पहिल्यांदा वापरला असेल. त्याच्याही वर्गातली मुले हसली असतील काय? असतीलही. पण तो गप्प बसला नाही आणि इतरांनी तो शब्द उचलला, म्हणून आज तो आमच्या अभ्यासक्रमात आहे. इंग्रज माणसाने आपल्या दाराच्या कडीवरून जे केले, तेच वऱ्हाडच्या पोरीने आपल्या मोटारीच्या स्टार्टरवरून केले तर त्यात गुन्हा कोणता?

काहीजण म्हणतील की आवाजाचे शब्द ही भाषेची बाल्यावस्था आहे. लहान मुले गाईला ‘हम्मा’ आणि कुत्र्याला ‘भू भू’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. मोठमोठ्या पंडितांचाही या शब्दांवर फारसा लोभ नव्हता. आधुनिक भाषाविज्ञानाचे जनक समजले जाणारे फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली ग्रंथरूपाने निघाली. त्यांत ते म्हणतात की असे शब्द समजतात त्याहून पुष्कळ थोडे असतात. फ्रेंचपुरते ते खरे असेल. परंतु मरे एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले की जोडीने वाजणारे असे शब्द हे भारतातील भाषांचे एक समान वैशिष्ट्यच आहे. आर्य कुळातली मराठी असो की द्रविड कुळातली तेलुगू असो, शेजारी राहून आपण सर्वांनी ही संपत्ती वाटून घेतली आहे. म्हणजे ज्याला आपण गावंढळपणा समजतो, ती या देशाच्या भाषांची एक ओळख आहे.

आणि हे शब्द नुसते आवाज तरी कोठे सांगतात? आमच्या अकोल्याचेच उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपण म्हणतो, “कडकडीत ऊन आहे.” वीज कडाडते हे ठीक, तिला आवाज आहे, उन्हाला कोणता आवाज? तरी पण टिळक रोडवरून भर दुपारी चालत गेलेल्या माणसाला विचारा, ‘कडकडीत’ हा एकच शब्द खरा वाटेल. तोच शब्द उपासाला लागतो, बंदला लागतो, गरम पाण्याला लागतो. भूक कडकडून लागते, माहेरी आलेल्या लेकीला माय कडकडून भेटते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. पुढे मनाच्या गोष्टी पाहा. वाईट बातमी ऐकून काळजात चर्र होते, छातीत धस्स होते. चुकलेल्या संधीची चुटपुट, राहून गेलेल्या कामाची रुखरुख आणि संध्याकाळची हुरहुर यांना तर कसलाच आवाज नाही. तरी भाषेने त्यांना आवाजाचे कपडे चढवले. आणि सगळ्यात मौज म्हणजे जेथे कसलाही आवाज नाही त्या स्थितीलाही आपण ‘शुकशुकाट’ म्हणतो! ही बाल्यावस्था असेल तर प्रौढ भाषा कशी असते ते मला एकदा पाहायचे आहे.

आणखी एक गोष्ट वाचताना मला विलक्षण आनंद झाला, ती येथे सांगते. भाषाशास्त्रात ‘क्लिक’ हे नाव एका प्रकारच्या व्यंजनांनाही आहे. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांची मातृभाषा जी खोसा, तिच्यात ही व्यंजने आहेत. जीभ दातांमागे किंवा दाढांशी चिकटवून झटकन ओढली की ती उमटतात. त्यांतले एक व्यंजन म्हणजे दुसऱ्याचे दुःख ऐकून आपण ‘च्च् च्च्’ करतो तेच. दुसरे आहे ते गाडीवान जनावराला हाकताना गालाच्या आतून काढतो ते! त्या भाषेच्या नावाचे पहिले व्यंजनच मुळी हे दुसरे आहे. आपल्याला ते जमत नाही म्हणून आपण ‘ख’ म्हणतो. आमचे आबा बंडी हाकताना दिवसभर जो आवाज काढीत, तो एका मोठ्या भाषेचे अक्षर आहे हे त्यांना कळले असते तर काय म्हणाले असते? मला वाटते, ते एवढेच म्हणाले असते, “बैलाले तं कवाच कयलं होतं.”

येथवर मी ज्या बाजूने बोलले त्या बाजूची एक महत्त्वाची साक्ष अजून राहिली आहे. ती बाबांची. बाबा चौथीपर्यंत शिकले. वर्तमानपत्र वाचायला त्यांना वेळ लागतो. पण मोटार ते कानाने वाचतात. खट् होऊन ती गुंगली तर ठीक. नुसतीच घुर्र घुर्र करून राहिली तर एक फेज गेला, ताबडतोब बंद करा, नाही तर आतली तार जळेल. खडखड झाली तर बेरिंग गेले. फसफस झाली तर पाण्याऐवजी हवा ओढते आहे, विहिरीने तळ गाठला. हे सारे ज्ञान त्यांच्याजवळ आहे आणि ते सगळेच्या सगळे या ‘अशुद्ध’ शब्दांत साठवलेले आहे. अकोल्याला माझे मामा जिनात कामाला होते, तेही पट्ट्याच्या आवाजावरून यंत्राची तब्येत सांगत. हे शब्द आपण हसून घालवले तर त्यांच्याबरोबर हे ज्ञानही जाईल. कारण ते कोठल्याही क्रमिक पुस्तकात उतरवलेले नाही.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सर्वांनी वऱ्हाडीत लिहावे असे माझे म्हणणे नाही. प्रमाण भाषा आम्हाला हवी आहे. तीच शिकण्यासाठी आमच्या मायबापांनी पोटाला चिमटा घेऊन आम्हाला येथे पाठवले. ‘क्लिक’ला हाकलून द्यावे असेही मी म्हणत नाही. तो आता आमचाच झाला आहे. संगणकावर लिहिणाऱ्या मराठी मंडळींनी ‘क्लिक करा’ऐवजी ‘टिचकी मारा’ असे म्हणून पाहिले. मला तो प्रयत्न मनापासून आवडतो, कारण टिचकी हीही आवाजातून आलेली, आपल्या बोटांनी वाजणारी. ती कोठे रुजली, कोठे नाही. शब्द रुजणे न रुजणे हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती एवढेच आहे की कोणी एखादा शब्द घेऊन उभा राहिला तर त्याला खाली बसवू नये.

हे मी आजच सांगते आहे असे मुळीच नाही. याच मातीत सातशे वर्षांपूर्वी हा प्रश्न एकदा सुटलेला आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण परीक्षेत त्यावर टीप लिहितो. त्या पंथातले विद्वान पंडित संस्कृतात रचना करू लागले तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबवले. अशाने माझ्या म्हाताऱ्या नाडल्या जातील, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पंथाच्या परंपरेने जपून ठेवले आहेत. ज्ञान कोणत्या भाषेत असावे, याचे उत्तर देताना त्यांच्या डोळ्यांसमोर पंडित नव्हते, म्हाताऱ्या होत्या. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या कॉलेजातही पेढे वाटले गेले. तो पेढा मीही खाल्ला. पण खाताना मनात आले की अभिजात झालेल्या भाषेत माझ्या मायच्या तोंडचे शब्द धरले आहेत की नाहीत?

तेव्हा केवळ बोलून न थांबता एक सूचना करते. ग्रियर्सन साहेबांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. आपल्या कॉलेजात तर अमरावती, अकोला, दर्यापूर, अचलपूर, मेळघाटपासून मुलेमुली येतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावाहून आवाजाचे दहा शब्द आणावेत. ते कोण बोलते, कशाबद्दल बोलते आणि त्याचे आणखी कोणते अर्थ होतात, एवढे लिहावे. मराठी विभागाने ते भित्तिपत्रकावर लावावे आणि वर्षाअखेर एक वही करून ग्रंथालयात ठेवावी. याला पैसा लागत नाही. कान लागतात, आणि ते आम्हा खेड्यातल्या मुलांना आमच्या घरातूनच मिळाले आहेत. निदान या एका विषयात तरी आम्ही मागच्या बाकावरचे नाही.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा बाबांना मी ही सगळी हकीकत सांगितली. वर्ग हसल्याचे आजवर लपवून ठेवले होते, तेही सांगितले. ते काही वेळ सुपारी कातरत गप्प बसले. मग म्हणाले, “मंग सराईले सांगितलं नाई का तू, आपला स्टार्टर कसा वाजते ते?”

नव्हते सांगितले. आता या अंकातून सांगते आहे. सर, माझे उत्तर तेच आहे.